ग्रामपंचायत गेली की गाव जातं का? कोरिप्पोचं उदाहरण

तुमचं गाव हद्दवाढीत जाणार अशी चर्चा आहे, आणि तुम्ही विचारलंय की ग्रामपंचायत बरखास्त झाल्यावर गावाचं नेमकं काय उरतं, अगदी लहान गावाच्या बाबतीत कुठे असं घडलंय का. घडलंय. मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो. इथल्या तिचिनो या इटालियन भाषिक कँटनमध्ये, म्हणजे राज्यात, कोरिप्पो नावाचं गाव आहे, त्याचंच सांगतो.

इथे खेडं असो वा शहर, स्थानिक स्वराज्य संस्था एकाच प्रकारची असते. त्यामुळे झुरिकला जो दर्जा तोच कोरिप्पोला होता, आणि कोरिप्पोची वस्ती शेवटी डझनभर माणसांवर आली होती. लोकसंख्येने देशातली सर्वांत लहान नगरपालिका म्हणून तिचं नाव होतं. तिचिनोत कार्यकारी मंडळावर निदान 3 माणसं लागतात. डझनभर, त्यातही बरेचसे वयस्क, त्यातून 3 कारभारी काढायचे आणि उरलेल्यांनी सभेत बसून त्यांचा जमाखर्च मंजूर करायचा. किती वर्षं चालणार? 18 ऑक्टोबर 2020 ला कोरिप्पो आणि वेर्झास्का खोऱ्यातली इतर काही गावं मिळून 'वेर्झास्का' ही एकच नगरपालिका झाली. ही सगळी गावं धरूनही वस्ती हजाराच्या आतच आहे.

पण गाव रिकामं झालं ते विलीनीकरणामुळे नाही, हे आधी लक्षात घ्या. 19व्या शतकाच्या मध्यात इथे 300च्या घरात लोक होते. खोऱ्यातला डोंगर इतका उभा की शेत म्हणजे दगडी बांध घालून अडवलेली मातीची पट्टी. राय, बटाटे, थोडी जनावरं, शेळ्या आणि चेस्टनट. पोटाला खरा आधार चेस्टनटचा. ही कठीण सालीची, पिठूळ गराची फळं सुकवायला वेगळी दगडी खोली असते: वर लाकडी पट्ट्यांच्या माळ्यावर चेस्टनट पसरायचे, खाली मंद आग धुमसत ठेवायची, ती दोन-तीन आठवडे विझू द्यायची नाही. मग बडवून साल काढायची आणि दळून पीठ करायचं. हिवाळ्यात खोऱ्यातली बरीच कुटुंबं गुरं घेऊन खाली मागादिनोच्या सपाटीवर उतरायची, तिथे त्यांचे द्राक्षमळे होते. एवढं करूनही भागत नसे. लोक ऑस्ट्रेलियाला आणि कॅलिफोर्नियाला गेले, आणि याच खोऱ्यातली लहान मुलं उत्तर इटलीत धुराडी साफ करायला पाठवली जात. हे वाचताना मला आपल्या कोकणातल्या मनीऑर्डरवर चाललेल्या घरांची फार आठवण होते. पुढे 1960च्या दशकात खोऱ्याच्या तोंडाशी 220 मीटर उंचीचं धरण झालं. तोवर तरुण मंडळी जवळच्या लोकार्नो शहराकडे नोकरीला लागलीच होती.

मी मुख्य रस्त्यावर बसमधून उतरून चालत वर गेलो होतो. घरं एकाला एक चिकटून उतारावर बसलेली, भिंतीही दगडी आणि छपरंही दगडी फरशांची, आणि समोर खाली धरणाचं पाणी. गाव इतकं जसंच्या तसं राहिलं की 1975 च्या युरोपीय वास्तुवारसा वर्षात त्याची आदर्श नमुना म्हणून निवड झाली आणि जतनासाठी एक प्रतिष्ठानही निघालं. माझं स्पष्ट मत आहे की त्या गौरवाने गावाला माणसं मिळाली नाहीत. पुढची चाळीसेक वर्षं छपरं सुंदर राहिली आणि वस्ती घटतच गेली. 2022 मध्ये मात्र त्याच प्रतिष्ठानाने रिकाम्या घरांमध्ये विखुरलेलं हॉटेल सुरू केलं: खाणावळ एका घरात, खोल्या गल्लीतल्या निरनिराळ्या घरांत. म्हणजे पालिका गेल्यानंतर दोन वर्षांनी गावात दिवे वाढले. ते शेतीचं गाव परत आलं असं मी म्हणणार नाही, पण बंद दारं उघडली.

आता तुमचा मुख्य प्रश्न: काय गेलं आणि काय उरलं? गावाचं नाव, पाटी आणि 6631 हा पिनकोड उरला. गेली ती गावाची स्वतःची सभा आणि कर ठरवण्याचा अधिकार. कागदावर आणखी एक गोष्ट बदलली, ती इथल्या लोकांना लागते. स्विस पासपोर्टवर जन्मगाव नसतं, मूळगाव असतं, म्हणजे वाडवडिलांना जिथलं नागरिकत्व होतं ती पालिका. पालिका विलीन झाली की ते नागरिकत्व नव्या पालिकेचं होतं. ज्याने आयुष्यात कोरिप्पोत एक रात्र काढली नाही, त्याच्याही कागदावर आता वेर्झास्का येतं.

पण तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. तिचिनोत गावची कुरणं आणि जंगल बहुतेक करून पालिकेच्या नावावर नसतंच. ते 'पात्रित्सियातो' नावाच्या, जुन्या घराण्यांच्या वेगळ्या संस्थेकडे असतं. तिची स्वतःची सभा, स्वतःचा हिशेब. पालिका विलीन झाली म्हणून ही संस्था आपोआप विलीन होत नाही. म्हणून इथे विलीनीकरणावर वाद झाला तरी 'आमचं रान गेलं' अशी भीती त्यात कमी असते.

आपल्याकडे तसं नाही. गाव महापालिकेत गेलं की ग्रामपंचायतीची मालमत्ता महापालिकेकडे जाते आणि ग्रामसभा संपते. शिवाय कोरिप्पोला कुणी मोठं शहर गिळत नव्हतं, आपल्यासारख्याच शेजाऱ्यांशी ते एक झालं. पुण्यात 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं महापालिकेत घेतली, तिथे पाठीमागे शहराची वाढ होती, जमिनीला भाव होता. तुमची गत पुण्यातल्या त्या गावांसारखी दिसते.

म्हणून माझा सल्ला: नाव राहील का, पाटी राहील का यात शक्ती घालवू नका, ते बहुधा राहतंच. ग्रामसभा अस्तित्वात आहे तोवर गायरान, गावतळं, स्मशानभूमी, पाणंद रस्ते आणि शाळेची जागा यांचे सातबारा उतारे काढा, मोजणी करून घ्या, आणि कुठली जागा कशासाठी राखायची याचा ठराव इतिवृत्तात नोंदवा. अधिसूचनेचा मसुदा निघाला की हरकती-सूचनांची मुदत असते. त्या मुदतीत हेच कागद जोडून लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.