वाचकांचे प्रश्न : जुने ‘स्टार ट्रेक’ पुन्हा पाहताना

प्रश्न : लहानपणी पाहिलेली मूळ ‘स्टार ट्रेक’ ही अवकाशयानातल्या प्रवासाची अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका मी पुन्हा पाहायला घेतली आहे. यानाची आणि ग्रहांची दृश्ये आठवणीतल्यापेक्षा फारच सफाईदार दिसतात, काही प्रसंग तर पूर्वी पाहिल्याचे अजिबात आठवत नाही आणि कथा संथ वाटते. माझ्या स्मरणात गफलत आहे की मालिकाच बदलली आहे? यानंतर तिची पुढची मालिका ‘द नेक्स्ट जनरेशन’ पाहण्याचा विचार आहे.
— एक वाचक

उत्तर : तुमच्या स्मरणावर शंका घेण्याचे कारण नाही. १९६६ ते १९६९ या काळात प्रक्षेपित झालेल्या या मालिकेच्या भागांवर २००६ पासून नव्याने काम करण्यात आले. त्या वेळी मूळ फिल्म स्वच्छ करून चित्र अधिक स्पष्ट करण्यात आले. पण तेवढ्यावर न थांबता यान, ग्रह आणि अवकाशातील बाह्यदृश्ये संगणकावर नव्याने घडवून जुन्या दृश्यांच्या जागी बसवली गेली आणि शीर्षकसंगीतही पुन्हा ध्वनिमुद्रित झाले. तुमच्यासमोर हीच आवृत्ती असावी. ब्लू-रे (अधिक स्पष्ट चित्राच्या तबकड्या) संचात मात्र जुनी आणि नवी अशी दोन्ही दृश्ये असून, हवी ती निवडण्याची सोय आहे.

माझा कौल जुन्या दृश्यांना आहे, आणि तो केवळ जुन्याच्या प्रेमापोटी नव्हे. मूळ यान म्हणजे सुमारे अकरा फूट लांबीची प्रतिकृती होती. तिचे चित्रण तारे, ग्रह यांच्या चित्रणावर बसवताना तीच फिल्म पुन्हा पुन्हा छायांकित करावी लागे आणि प्रत्येक वेळी चित्र थोडे अधिक रवाळ होई. तरीही ती धूसर दृश्ये स्टुडिओतले रंगवलेले आकाश आणि पोकळ खडक यांच्याशी जुळून येतात, कारण सगळे एकाच काळातल्या हातांनी केलेले आहे. संगणकीय यान त्यांच्या शेजारी परके दिसते. दरवेळी यान ग्रहावर उतरवण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून माणसांना क्षणात खाली पोहोचवणारे यंत्र कल्पिले गेले आणि त्याची चमक अॅल्युमिनियमची भुकटी प्रकाशात उडवून साधली गेली, हे ठाऊक असले की त्या दृश्यांतली गंमत वाढते. (स्पष्ट चित्राचा एक तोटाही सांगून ठेवतो : मारामारीत नायकाऐवजी बदली कलाकाराचा चेहरा आता सहज ओळखू येतो.)

न आठवणाऱ्या प्रसंगांचे कारण साधे आहे. मूळ भाग सुमारे पन्नास मिनिटांचे होते. पुनःप्रक्षेपणात जाहिरातींना जागा करण्यासाठी त्यांतली काही मिनिटे कापली जात. संथपणाचा संबंधही काही अंशी जाहिरातींशीच आहे. प्रत्येक भागात छोटी नांदी आणि चार अंक असत, अंकाच्या शेवटी पेच आणि संगीताचा तडाखा, आणि जाहिरातीनंतर यानाचे दृश्य दाखवून कप्तानाच्या रोजनिशीतून प्रेक्षकाला कथेत परत आणले जाई. मधला खंड नाहीसा झाल्यावर हे सारे पुनरुक्तीसारखे भासते. त्यामुळे एका बैठकीत एकच भाग पाहावा.

‘द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७ ते १९९४) ची गोष्ट वेगळी आहे. तिचे चित्रण फिल्मवर झाले होते, पण संकलन आणि दृश्यपरिणाम व्हिडिओ टेपवर, त्यामुळे तयार भागांचे चित्र मुळातच काहीसे अस्पष्ट होते. ब्लू-रेसाठी मूळ निगेटिव्ह शोधून प्रत्येक भाग पहिल्यापासून पुन्हा जुळवावा लागला. मात्र यानाच्या प्रतिकृतींचे फिल्मवरचे चित्रण हाती असल्याने बहुतेक ठिकाणी तेच वापरले गेले आणि नवे संगणकीय काम मर्यादित राहिले. म्हणून या मालिकेची नवी आवृत्ती मी निःसंकोच सुचवतो. ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या नंतरच्या मालिकांच्या वाट्याला हे खर्चिक काम आलेले नाही. त्या पाहाल तेव्हा चित्र धूसर दिसले तर दोष तुमच्या दूरचित्रवाणी संचाचा समजू नका.

या सगळ्या मालिका चारास तीन या प्रमाणातल्या पडद्यासाठी केलेल्या आहेत. रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील, त्या तशाच राहू द्याव्यात. चित्र ताणण्याची सोय चालू असेल तर पहिला भाग सुरू करण्यापूर्वीच ती बंद करावी.