बाबांना लगदा नको, चव हवी

प्रश्न : बाबांना चार महिन्यांपूर्वी लकवा झाला. गिळताना ठसका लागतो म्हणून भात, वरण, भाजी एकत्र मिक्सरमधून काढून देतो. दोन घासांत ताट सारतात आणि तर्री-पोहे मागतात. द्यावेत का?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर : तर्री-पोहे सध्या नकोतच. पातळ रस्सा आणि सुटे कण एका घासात आले की पोहे तोंडात घोळत राहतात अन् तर्री आधीच घशात उतरते. ती श्वासनलिकेत गेली तर तिखटाचा दाह वेगळाच. गोळाभातातले कोरडे गोळे आणि संत्र्याची फोडही याच रांगेत. फोडीतला रस एकदम फुटतो, पापुद्रा मागे राहतो.

पण बाबांची तक्रार रास्त आहे. सगळं एकत्र वाटल्यावर कशाचीच चव उरत नाही. प्रत्येक पदार्थ वेगळा वाटा आणि वेगळ्या वाटीत वाढा. वाटीभर भाजीला तिचाच रस्सा दोन-तीन चमचे घाला. पाण्याने मीठ-मसाला फिका पडतो. मग चाळणीतून काढा, म्हणजे मोहरी, कढीपत्ता, मिरचीची सालं वर राहतील. ताजा सांबार (कोथिंबीर) बारीक वाटून, गाळून भाजीत कालवा. सुवास भूक चाळवतो.

चमचा तिरपा करून पाहा. अख्खा गोळा सुटून पडला तर जमलं. चिकटून राहिला तर घशातही चिकटेल. ओघळला तर पातळ आहे. भात मिक्सरमध्ये घालूच नका, त्याची खळ होते. पाच-सहापट पाण्यात मऊ खिचडी शिजवा, पळीने घोटा, वर तूप सोडा.

रस्सा कॉर्नफ्लोरने दाट केला असेल तर उष्टा चमचा त्यात पुन्हा बुडवू नका. लाळेने पिष्टमय पदार्थ पातळ होतात. जेवण संपता संपता तोच रस्सा धोक्याचा ठरतो. थोडा थोडाच वाढा.

ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले हवेत. अर्धा चमचा घास द्या, गिळल्यावर 'आ' म्हणायला लावा. आवाज ओला, घरघरता आला तर थांबा. जेवणानंतर लुळ्या बाजूच्या गालात अन्न अडकलंय का बघा, तोंड स्वच्छ करा आणि अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत जातं. वारंवार ताप किंवा कफ होत असेल तर दुर्लक्ष नको. न्यूरॉलॉजिस्टना विचारून स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. 'हनुवटी खाली करून गिळा' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो सगळ्यांना लागू नसतो. त्यांनी मऊ, ओलसर घास चालेल म्हटलं की मऊ शिजवलेली पाटोडी दाट रश्शात कुस्करून द्या. वर खोबरं मात्र पेरू नका.

प्रश्न : पार्किन्सनमुळे आईचा हात थरथरतो, ताट सरकतं.

उत्तर : ताटाखाली ओलं, पिळलेलं फडकं घाला. उभ्या काठाची खोलगट थाळी आणि जाड मुठीचा जड चमचा द्या. गोळी लेव्होडोपाची असेल तर डॉक्टरांना वेळ विचारा. वरण, दही, अंडं यांतली प्रथिनं तिचं शोषण अडवतात, म्हणून ती बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. गोळीचा असर असतानाच ताट वाढा.