अमेरिकेतले कॉलेज फुटबॉलचे (म्हणजे कॉलेजांच्या संघांमधल्या अमेरिकन फुटबॉलचे) चाहते ईएसपीएन या क्रीडा वाहिनीवर एवढी खार का खाऊन असतात? खरंच पक्षपात होतो का?

चाहते म्हणतात तसा पक्षपात मला दिसत नाही, पण संशयाला जागा मात्र भरपूर आहे. मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहतो, म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाच्या अंगणातच. तेव्हा माझं मतही थोडं त्याच रंगाचं आहे असं धरून वाचा.

मूळ भानगड स्पर्धेच्या रचनेत आहे. वरच्या विभागात १३० च्या वर संघ आणि प्रत्येकाच्या वाट्याला हंगामात साधारण १२ सामने. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. आयपीएलसारखा सगळ्यांचा मिळून एक गुणतक्ता नाही, नेट रनरेट नाही, त्यामुळे अव्वल कोण हे कोणीतरी बसून ठरवावं लागतं. १९३६ पासून एपी या वृत्तसंस्थेसाठी पत्रकार दर आठवड्याला मतं देऊन क्रमवारी लावतात, आणि कित्येक दशकं राष्ट्रीय विजेता अशा मतदानानेच ठरायचा. १९९७ च्या हंगामात पत्रकारांनी मिशिगनला विजेता ठरवलं आणि प्रशिक्षकांनी त्यांच्या वेगळ्या मतदानात नेब्रास्काला. दोघेही तो किताब आजतागायत मिरवतात. म्हणजे बातमीदार इथे नुसती बातमी देत नव्हता, निकालही लावत होता. २००४ च्या हंगामात अपराजित ऑबर्नला अंतिम सामना मिळाला नाही, त्यावरून रण पेटलं आणि शेवटी एपीनेच कळवलं की आमची क्रमवारी यापुढे अंतिम सामन्याचे संघ निवडायच्या हिशेबात धरू नका.

आता प्लेऑफसाठी, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीसाठी, संघांची निवड १३ जणांची समिती करते. पण समितीची क्रमवारी जाहीर होते ती ईएसपीएनवर. प्लेऑफच्या प्रक्षेपणाचे हक्क ईएसपीएनकडे, २०३१-३२ च्या हंगामापर्यंत, वर्षाला साधारण १३० कोटी डॉलर मोजून. कॉलेजांचे संघ वेगवेगळ्या गटांत खेळतात; त्यांपैकी दक्षिणेतल्या बलाढ्य एसईसी गटाचं स्वतंत्र चॅनेल २०१४ पासून ईएसपीएनचं, आणि २०२४ पासून त्या गटाचे महत्त्वाचे सगळे सामनेही तिथेच. प्रतिस्पर्धी बिग टेन गट मात्र २०२३ पासून फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीकडे. आता ईएसपीएनच्या स्टुडिओत चर्चा रंगते की तीन सामने हरलेला एसईसीचा संघ बरा की दोन हरलेला बिग टेनचा. दुकान ज्याचं, तराजूही त्याचाच. गिऱ्हाईक मापाकडे डोळे वटारून बघणारच.

आपल्याकडे बीसीसीआय आणि समालोचकांचं प्रकरण आठवा. २०१६ च्या आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगले यांना वगळलं, २०२० मध्ये संजय मांजरेकरांना पॅनेलवरून काढलं. तेव्हापासून कोणी समालोचक बोर्डाचं कौतुक करायला लागला की आपण काय म्हणतो? तसंच.

इथला सगळ्यात मोठा भडका उडाला ३ डिसेंबर २०२३ ला. प्लेऑफमध्ये तेव्हा चारच जागा होत्या. फ्लोरिडा स्टेट १३-० (तेरा विजय, एकही हार नाही), एसीसी या आणखी एका गटाचा विजेता. पण दोनेक आठवड्यांपूर्वी त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला होता. त्याच्याशिवायही त्यांनी उरलेले दोन सामने जिंकले, शेवटचा तर नवख्या पोराला खेळवून १६-६ असा. स्टुडिओत ‘सर्वोत्तम चार की सर्वांत लायक चार’ हा काथ्याकूट चालूच होता. निकाल लागला आणि चौथी जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला मिळाली, म्हणजे एसईसीला. फ्लोरिडा स्टेटचा अख्खा संघ एकत्र बसून टीव्हीवर हे पाहत होता. फ्लोरिडाचे सिनेटर रिक स्कॉट यांनी समितीला पत्र पाठवून जाब विचारला, तिथले गव्हर्नर डिसँटिस खटल्यासाठी १० लाख डॉलर बाजूला काढायच्या गोष्टी करू लागले.

कट होता का? मला पटत नाही. एसीसीचे हक्कही ईएसपीएनकडेच आहेत. समितीत बसतात ते कॉलेजांचे क्रीडा संचालक, माजी प्रशिक्षक वगैरे, चॅनेलचे नोकर नव्हेत. आणि महत्त्वाचा खेळाडू जायबंदी असेल तर ते लक्षात घ्यायची मुभा नियमांतच आहे. पण महिनाभर एकाच भोंग्यातून एकच गाणं वाजत असेल तर ते समितीच्या कानांवरही पडतंच. पुढे ऑरेंज बोल या प्लेऑफबाहेरच्या हंगामाअखेरच्या सामन्यात फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून ६३-३ असं सपाटून हरलं. ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असं एक बाजू म्हणाली. ‘अहो, आमचे निम्मे खेळाडू तर उतरलेच नव्हते!’ असं दुसरी.

दर शनिवारी सकाळी ईएसपीएनचा ‘कॉलेज गेमडे’ कुठल्यातरी कॅम्पसवरून चालतो. मागच्या गर्दीत एक किरमिजी झेंडा हटकून दिसतो, तो वॉशिंग्टन स्टेटचा. सामना कुठल्याही गावी असो, २००३ पासून माजी विद्यार्थी तो आठवड्यागणिक एकमेकांकडे पोचवतात. दरम्यान टीव्हीच्या पैशामागे लागून वॉशिंग्टन स्टेटच्या पॅक-१२ गटातली बारापैकी दहा कॉलेजं निघून गेली, मागे राहिली ती वॉशिंग्टन स्टेट आणि ओरेगन स्टेट. पैसा एकट्या ईएसपीएनचा नव्हता, फॉक्सचाही होता. पण गट फुटला तरी झेंडा त्याच कार्यक्रमात फडकतोय, आणि कॅमेरा त्यावरून हौसेने फिरतो. चाहत्यांचं डोकं फिरतं ते अशाने.

तरीही चाहते काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. ईएसपीएनचे कर्क हर्बस्ट्रीट हे ओहायो स्टेटचे माजी क्वार्टरबॅक. उरलेला देश त्यांना आमचा माणूस समजतो. इथे कोलंबसमध्ये मात्र ते पुरेसे ‘आपले’ नाहीत म्हणून लोकांनी त्यांना इतकं छळलं की २०११ मध्ये ते बिऱ्हाड घेऊन नॅशव्हिलला गेले. राष्ट्रीय चॅनेलला कंटाळून लोक आता आपापल्या संघाच्या वर्गणीवाल्या साइट आणि पॉडकास्टकडे वळलेत. पण वर्गणी भरणाऱ्याला कडू घोट कोण पाजणार?

शिवाय प्रत्येक नकोशी बातमी खोटी नसते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ईएसपीएनने छापलं की मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने तीन वर्षांत प्रतिस्पर्ध्यांच्या ३० हून अधिक सामन्यांची तिकिटं काढली होती, कारण त्यांचे प्रशिक्षक मैदानाबाहेरून खेळाडूंना करतात ते इशारे चोरायचे होते. मिशिगन म्हणजे ओहायो स्टेटचा हाडवैरी. माझ्या टीममध्ये तिथला एक माजी विद्यार्थी आहे. त्याच्या मते हा सगळा माध्यमांचा डाव होता. ऑगस्ट २०२५ मध्ये एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने मिशिगनला जबर दंड ठोठावला, तरी त्याचं मत तेच आहे. कोलंबसमध्ये मात्र ईएसपीएनच्या त्या बातमीवर विश्वास ठेवायला कोणाला मिनिटभरही लागलं नव्हतं.