"काही नाही आबा, झोप झाली नाही एवढंच"

शिवाजी पेठेतलं एक जोडपं समुपदेशनाला आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा न्यूझीलंडमध्ये क्लब रग्बी खेळतो. प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या (दोन्ही संघांचे फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीतले गडी, एकमेकांना भिडून रेटतात त्या रचनेच्या) पहिल्या रांगेतला गडी. प्रांताच्या संघाचा पगारी करार मिळवायची त्याची धडपड. गेले तीन आठवडे तो फोनवर चिडायचा, व्हिडिओ बंद ठेवायचा. आईचा प्रश्न होता, "एकटा पडलाय, परत बोलवू का?"

घरच्या आठवणीकडं वळण्याआधी फॉरवर्डच्या बाबतीत डोक्याचं विचारावं. मार बहुतेकदा स्क्रममध्ये नाही, टॅकल करताना, म्हणजे बॉल घेतलेल्या गड्याला धरून पाडताना लागतो. आणि बहुतेक कन्कशनमध्ये, म्हणजे मार लागून मेंदूला बसलेल्या हादऱ्यात, शुद्ध जातच नाही, म्हणून घरच्यांना आणि कधी कधी खेळाडूलाही ते कळत नाही.

व्हिडिओ कॉलवर "बरा आहेस ना?" हा प्रश्न टाळला. उजेड खुपतो का? वाचलेलं विसरतोस का? मैदानावर डोक्याला शेवटचं कधी लागलं? मग निघालं: टॅकलमध्ये समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसला होता. कोणालाच सांगितलं नव्हतं. "निवड जवळ आलीय. आणि तालमीत दुखतंय म्हणून आम्ही कधी सांगितलंय व्हय?"

इथं समुपदेशकापेक्षा वडिलांचा शब्द मोलाचा होता. ते जुने पैलवान. म्हणाले, "माझा खांदा निसटला तवा वस्तादांनी मला मातीत उतरू दिलं न्हाई. कमी पडलो म्हणून न्हवं. डोकं तर खांद्यापेक्षा मोठं."

त्याच दिवशी त्यानं क्लबच्या फिजिओला सांगितलं, डॉक्टरांनी तपासलं. अशा मारानंतर पहिले 24 ते 48 तास विश्रांती, मोबाइल कमीत कमी, मग हलकं चालणं. वर्ल्ड रग्बी या खेळाच्या जागतिक संघटनेच्या नियमानुसार क्लब पातळीवर किमान 14 दिवस अंगाला अंग भिडणारा सराव नाही आणि 21 व्या दिवसाआधी सामना नाही. तोही लक्षणं पूर्ण गेली असतील तरच. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, फिट, हातापायात अशक्तपणा किंवा न आवरणारी गुंगी दिसली तर वाट न बघता थेट हॉस्पिटल.

खर्चाची धास्तीही होती. तिथली एसीसी ही सरकारी योजना अपघाती दुखापतीच्या उपचाराला मदत करते, परदेशी माणसालाही. बुडालेल्या मानधनाचं काय, हे क्लबकडून लेखी घ्यायला सांगितलं.

परत बोलवायचा विषय मागे पडला. फोनचा वार तेवढा बदलला: शनिवारी सामना संपल्या संपल्या एक आणि सोमवारी दुसरा, कारण काही लक्षणं एक-दोन दिवसांनी वर येतात.