वाचक विचारतात: जुन्या मोबाइलचे व्हिडिओ एफएलव्हीत नेताना

प्रश्न : संस्थेची २००७ साली केलेली माहिती-सीडी जुन्या संगणकावर अजून चालते. तिच्यातला प्लेयर फक्त एफएलव्ही (फ्लॅश व्हिडिओ) फाइल घेतो. त्यात त्या काळच्या मोबाइलवरचे थ्रीजीपी व्हिडिओ घालायचे आहेत. पण एफएफएमपेग हे रूपांतराचे मोफत साधन सॅम्पल रेटची (आवाजाच्या सेकंदाला घेतलेल्या नमुन्यांची) तक्रार करून थांबते. फाइलचे नाव बदलून पाहिले, तेही जमले नाही. (मिरज)

नाव बदलणे म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणे. आतला जिन्नस तोच राहतो. तुमच्या थ्रीजीपीत बहुधा एच.२६३ किंवा एमपेग-४ चित्र आणि एएमआर आवाज असेल. व्हीएलसी प्लेयरमध्ये फाइल लावून कंट्रोल आणि जे दाबा, तिथे दोन्ही नावे दिसतील.

अडचण आवाजाची आहे. मोबाइलचा साधा एएमआर सेकंदाला ८००० नमुन्यांचा असतो. एफएलव्हीत आवाज एमपीथ्रीत जातो आणि तिथे ११०२५, २२०५० व ४४१०० हे बिनधोक दर. तुम्ही दर सांगितला नाही, की एफएफएमपेग मुळातला ८००० तसाच पुढे ढकलते आणि अडते. म्हणून कमांडमध्ये ‘हायफन एआर’ लिहून पुढे २२०५० द्या. ‘हायफन एसी’पुढे १, म्हणजे मोनो. बिटरेट (सेकंदाला खर्ची पडणारा डेटा) ४८ किलोबिट पुरे. १२८ दिलात तर फाइल फुगेल, आवाज सुधारणार नाही. एएमआरचा स्वतःचा कमाल दर १२.२ किलोबिट आहे आणि तो फोनवरच्या बोलण्यासाठी बेतलेला आहे. लग्नातली सनई त्यात चिरकी येते ती त्यामुळेच.

चित्रासाठी सोरेन्सन स्पार्क निवडा. एफएफएमपेगमध्ये या कोडेकचे (चित्र दाबून साठवण्याच्या पद्धतीचे) नावही ‘एफएलव्ही’च आहे, गोंधळू नका. हा एच.२६३चाच भाऊबंद; पण दोघांची आतली मांडणी वेगळी, त्यामुळे चित्र ‘कॉपी’ करून चालत नाही, नव्याने एन्कोड करावेच लागते. आकार ३२० बाय २४०, सेकंदाला १५ फ्रेम, बिटरेट ३०० किलोबिट, दर ३० फ्रेमला एक कीफ्रेम (पूर्ण साठवलेले चित्र). आवाज धरून मिनिटाला साधारण २.६ एमबी होतील. प्लेयरची पट्टी पुढे-मागे सरकत नसेल, तर फाइलमध्ये कीफ्रेमची सूची नाही असे समजा. एफएलव्ही फ्लॅग्जमध्ये ‘ॲड कीफ्रेम इंडेक्स’ हा पर्याय घालून पुन्हा करा.

सोरेन्सनच का? तो फ्लॅश प्लेयर ६ पासून चालतो. व्हीपी६ या दुसऱ्या कोडेकला आवृत्ती ८ लागते, शिवाय एफएफएमपेग व्हीपी६ वाचते पण बनवत नाही. एच.२६४ फ्लॅशमध्ये आला तो आवृत्ती ९च्या डिसेंबर २००७च्या सुधारणेत, म्हणजे तुमची सीडी निघाली तेव्हा तो बहुतेकांकडे नव्हताच.

एक मात्र आधी करा. मूळ थ्रीजीपीवरून एच.२६४ चित्र आणि एएसी आवाजाची एमपीफोर प्रत काढून ठेवा आणि मूळ फाइलही पुसू नका. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेयरच आशय अडवू लागला. एफएलव्ही ही त्या एका सीडीपुरती सोय आहे. पुढे कधी एमपीफोर हवी झाली, तर ती एफएलव्हीवरून करू नका. आधीच पातळ केलेल्या ताकात आणखी पाणी पडेल.

प्रश्न : १७६ बाय १४४चे व्हिडिओ ३२० बाय २४० केले. काहींत माणसे बुटकी, रुंद दिसतात. शिवाय फोन उभा धरून घेतलेले सगळे आडवे पडले आहेत. (वास्को)

१७६ बाय १४४चे प्रमाण ११:९, तर ३२० बाय २४०चे ४:३. मानकानुसार या आकारातला पिक्सेल किंचित रुंद (१२:११) धरतात, आणि तसे धरले तर ३२० बाय २४० बरोबर बसते. पण सगळ्या फोनांनी ते पाळले नाही; काहींनी पिक्सेल चौरसच घेतला. तुमची बुटकी माणसे त्यातली. व्हिडिओत एखादी गोल वस्तू शोधा: ताट, भिंतीवरचे घड्याळ, सायकलचे चाक. कॅमेऱ्याच्या अगदी समोर असलेली घ्या. तिरक्या वस्तूने फसगत होते. चित्र थांबवून पडद्यावर पट्टीने रुंदी-उंची मोजा. गोल रुंदावला असेल, तर ३५२ बाय २८८ करा. ती मूळची नेमकी दुप्पट आहे.

वळवण्यासाठी ‘ट्रान्सपोज’ फिल्टर वापरा: १ म्हणजे घड्याळाच्या दिशेने, २ म्हणजे उलट. नवे फोन फाइलमध्ये ‘फिरवून दाखवा’ अशी नुसती खूण ठेवतात. जुन्या फोनांत बहुधा ती नसतेच आणि एफएलव्हीत तिला जागा नाही, म्हणून चित्रच फिरवावे लागते. वळवल्यावर आकारही उलटा द्यायचा, २४० बाय ३२०. इथेच बहुतेक जण चुकतात.

प्रश्न : सुरुवातीला ठीक, पण पाचेक मिनिटांनी ओठ आणि आवाज यांचा मेळ राहत नाही. (डोंबिवली)

उजेड कमी झाला की जुना फोन फ्रेम कमी घेतो, १५च्या ७-८ होतात. म्हणजे फ्रेमचा वेग बदलता आहे. जुने कन्व्हर्टर फाइलभर एकच वेग धरून चालतात आणि फरक साचत जातो. मूळ थ्रीजीपीवरून थेट, स्थिर १५ फ्रेमने रूपांतर करा. व्हीसीडी (व्हिडिओ सीडी) करणार असाल तर मात्र १५ चालत नाहीत, एमपेग-१मध्ये तो वेगच नाही. तिथे २५ फ्रेम, ३५२ बाय २८८, चित्र ११५० किलोबिट, आवाज एमपीटू ४४१०० आणि २२४ किलोबिट.

प्रश्न : एका फाइलवर ‘मूव्ह ॲटम सापडला नाही’ असा संदेश येतो. (नांदेड)

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली किंवा कार्ड निघाले. फाइलची अनुक्रमणिका, म्हणजेच मूव्ह ॲटम, फोन सर्वांत शेवटी लिहितो, ती राहून गेली. ‘अनट्रंक’ हे मोफत साधन ती पुन्हा बांधू पाहते. त्यासाठी त्याच फोनवर, त्याच सेटिंगने घेतलेली एक नीट चालणारी फाइल लागते. ती नसेल तर कुठलाही कन्व्हर्टर उपयोगाचा नाही.

प्रश्न : सीडीएमए फोनच्या थ्रीजीटू फाइलला चित्र आहे, आवाज नाही. (सोलापूर)

तिच्यात एएमआरऐवजी क्यूसेल्प किंवा ईव्हीआरसी आवाज असतो आणि जुने कन्व्हर्टर तो वाचत नाहीत. एफएफएमपेगची अलीकडची आवृत्ती दोन्ही वाचते. पुढचे आकडे मिरजच्या उत्तरातलेच; दर इथेही २२०५०.