प्रिन्स नसीम हमीद 28व्या वर्षीच का थांबला?

ब्रिटिश बॉक्सर नसीम हमीदने 37 लढतींपैकी 36 जिंकल्या, त्यांतल्या 31 नॉकआउटने, आणि तरीही 28व्या वर्षी तो रिंगमधून कायमचा बाहेर पडला. मेक्सिकोच्या मार्को अंतोनिओ बारेराकडून झालेल्या त्या एकाच पराभवाने तो खचला का, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्या पराभवालाच कारण मानले, तर खरी कारणे नजरेआड होतात. 7 एप्रिल 2001 रोजी लास व्हेगासमधल्या बारेराविरुद्धच्या त्या लढतीत जे सगळ्या जगाला दिसले, त्याची सुरुवात निदान तीन वर्षे आधी इंग्लंडमधल्या शेफिल्डमध्ये झाली होती.

हमीद वयाच्या सातव्या वर्षापासून प्रशिक्षक ब्रेंडन इंगल यांच्या हाताखाली वाढला. शेफिल्डच्या विंकोबँक भागातल्या त्यांच्या व्यायामशाळेत जमिनीवर रंगाने रेषा आखलेल्या असत आणि मुले त्या रेषांवरून पुढे-मागे पावले टाकत राहत. सरावात एकमेकांच्या डोक्यावर मारायचे नाही, फक्त अंगावर, असा शिरस्ता होता. त्यामुळे मुलांना ठोशाची भीती वाटत नसे आणि तो चुकवण्याचा खेळ अंगवळणी पडे. हात कमरेपाशी, हनुवटी उघडी आणि तरीही समोरच्याचा ठोसा वीतभर अंतरावरून निघून जातो, ही हमीदची जादू त्या रेषांवर तयार झाली. मी स्वतः मुलांना शिकवतो आणि कुणाचे हात खाली आले की लगेच टोकतो, कारण हात वर असले तर पाय थकल्यावरही थोडा आडोसा उरतो. हमीदकडे तो आडोसा नव्हता. त्याचा सगळा बचाव पायांत आणि डोळ्यांत होता, आणि ते दोन्ही रोजच्या सरावाखेरीज टिकत नाहीत.

1995 मध्ये कार्डिफला, स्टीव्ह रॉबिन्सनच्या स्वतःच्या शहरात, हमीदने त्याच्याकडून डब्ल्यूबीओ या जागतिक बॉक्सिंग संघटनेचे फेदरवेट (सुमारे 57 किलोपर्यंतच्या वजनगटाचे) विजेतेपद घेतले, तेव्हा हा बचाव ऐन भरात होता. डिसेंबर 1997 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये केव्हिन केलीविरुद्ध मात्र भेगा दिसल्या. चौथ्या राउंडमध्ये हमीदने केलीला संपवले खरे, परंतु तोवर तो स्वतः तीनदा खाली गेला होता, कारण मागे झुकताना डोके सरळ रेषेत मागे येत होते आणि पाय जागेवरच राहत होते. प्रेक्षकांना ती लढत विलक्षण वाटली आणि आजही वाटते. मला मात्र ती आता पाहवत नाही.

त्यानंतर 1998 मध्ये, पैशांच्या वाटणीवरून बरेच दिवस धुमसत असलेल्या वादानंतर, इंगल आणि हमीद हे गुरू-शिष्य वेगळे झाले. या घटनेला मी सर्वांत जास्त वजन देतो. पुढे हमीदसोबत ऑस्कर सुआरेझ आणि इमॅन्युएल स्टुअर्ड हे प्रशिक्षक होते. स्टुअर्ड यांची थोरवी कुणी नाकारणार नाही, पण चोविशी उलटलेल्या, घरोघरी नाव पोहोचलेल्या आणि अमाप पैसा मिळवलेल्या विजेत्याला पुन्हा रेषेवर उभे करण्याचा अधिकार त्याला सातव्या वर्षापासून ओळखणाऱ्या माणसाकडेच असतो. ऑक्टोबर 1999 मध्ये सेझार सोटोविरुद्ध तो गुणांवर जिंकला, पण त्या लढतीत ठोशांपेक्षा झोंबाझोंबीच अधिक होती. पायांनी जे साधायचे ते तो अंगबळाने साधू लागला होता.

हातांचा प्रश्न तर वेगळाच. हमीद वाकड्यातिकड्या कोनांतून, कधी दोन्ही पाय जमिनीवरून उचलून ठोसा फेकत असे. असा ठोसा गालावर बसला तर समोरचा आडवा होतो. तोच कपाळावर किंवा कोपरावर बसला तर बोटांमागची हाडे तुटतात, आणि फेदरवेटचे आठ औंसांचे ग्लव्ह तिथे फारसे संरक्षण देत नाहीत. ऑगस्ट 2000 मध्ये ऑगी सांचेझला चौथ्या राउंडमध्ये पाडताना त्याचा डावा हात मोडला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. डावखुऱ्या बॉक्सरचा डावा हात म्हणजे त्याची सगळी पुंजी. त्यातून उठून पुढच्या लढतीसाठी सरावाला उतरला तेव्हा आधी बरेच वजन उतरवण्यातच त्याचे दिवस गेले.

समोर बारेरा होता, आणि येथे तुलना करावीशी वाटते. बारेरा 1996 आणि 1997 मध्ये ज्युनियर जोन्सकडून लागोपाठ दोनदा हरला होता. त्याने आपला खेळ उसवून नव्याने शिवला. धुमश्चक्री करणारा म्हणून ओळखला जाणारा हा मेक्सिकन त्या रात्री शांतपणे डावीकडे सरकत राहिला, हमीदच्या डाव्या हाताच्या टप्प्यात आला नाही, आणि हमीद झेप घेऊन तोल सावरत असतानाच डावा हुक मारत राहिला. बाराव्या राउंडमध्ये त्याने हमीदचे डोके रिंगच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या गादीवर आपटले. त्यासाठी त्याचा एक गुण गेला, तरीही तिन्ही पंचांनी बारेरालाच विजयी ठरवले.

हमीदलाही बारेराप्रमाणे मागे जाऊन पुन्हा शिकता आले असते का? शरीराने बहुधा होय. वय अवघे 27 होते. पण त्यासाठी महिनोन्महिने कुणीही न पाहता पावले टाकण्याची भूक लागते, आणि ती पैशांनी व दुखऱ्या हातांनी आधीच मारून टाकली होती. बारेराशी दुसरी लढत झालीच नाही. मे 2002 मध्ये लंडनला मॅन्युएल काल्वोविरुद्ध तो 12 राउंड खेळला आणि गुणांवर जिंकला. एकेकाळी त्याच्या नुसत्या प्रवेशावर वेडे होणारे प्रेक्षक त्या रात्री त्याची हुर्यो उडवत होते. त्यानंतर त्याने पुन्हा ग्लव्ह चढवले नाहीत.