सल्ला हवा: भावाचे पालकत्व

प्रश्न: माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा असून तो जन्मापासून बौद्धिक दिव्यांग आहे. वडिलांच्या निधनानंतर बँकेने त्याच्या खात्यासाठी कायदेशीर पालकाचा आदेश मागितला आहे. सख्खी बहीण असूनही मला हा अधिकार नाही का? — एक भगिनी, सोलापूर

उत्तर: ताई, अठरा वर्षे पूर्ण होताच व्यक्ती कायद्याने सज्ञान ठरते, त्यामुळे केवळ नात्याने अधिकार मिळत नाही. मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम १४ नुसार, आई-वडिलांप्रमाणेच नातेवाइकालाही जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. या समितीत जिल्हाधिकारी असतात, म्हणून चौकशी सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात करावी. हा मार्ग स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांसाठीच आहे. मानसिक आजारासाठी नाही.

पालकाची गरज खरोखर आहे का आणि कोणत्या कामांसाठी, हे समिती पाहते. भाऊ चादरीची कड कडेला जुळवून नीट घडी घालतो, असे आपण लिहिले आहे. त्याला जे जमते तेही समितीला जरूर सांगा, कारण त्याचे निर्णय त्याच्याकडून विनाकारण काढून घेतले जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते. मालमत्ता आपल्याकडे आल्यास तिची यादी नियुक्तीपासून सहा महिन्यांत आणि पुढे दरवर्षी हिशेब सादर करावा लागेल.